आंदळकर विरुद्ध चौधरी : कधीच न झालेली कुस्ती

(मंडळाच्या गणेशोत्सवात सायंकाळच्या आरतीनंतर झालेल्या भाषणाचा मजकूर)



या मांडवात आजवर आरोग्यावर, संतवाङ्मयावर, गुंतवणुकीवर व्याख्याने झाली. यंदा कार्यकारिणीने विचारले तेव्हा आम्ही कुस्ती हा विषय मागून घेतला. आम्ही म्हणजे मंडळातले पन्नाशी-साठीचे लोक. माइकसमोर एकच उभा असला तरी बोलणे आम्हा सर्वांचे आहे. आमच्या एका बाजूला आमचे वडील-काका बसतात, दुसऱ्या बाजूला आमची मुले. दोघांचे ऐकून घेण्याचे काम आमच्याकडे असते.

हा विषय निघाला तोही याच मांडवात. आरती झाली, प्रसाद वाटला, की खुर्च्या गोल होतात हे आपण जाणताच. पहिल्याच दिवशी एका काकाजींनी म्हटले, "गणपतराव आंदळकरांसारखा मल्ल पुन्हा झाला नाही." लगेच एका मुलाने फोनवर विजय चौधरींची लढत काढून समोर धरली. "काकाजी, हे पाहा. यांच्यापुढे तुमचे आंदळकर किती मिनिटं टिकले असते?" काकाजी म्हणाले, "बेटा, प्रश्न उलटा विचार. आंदळकरांपुढे हे किती वेळ टिकले असते?" तिथून जे सुरू झाले ते रात्री अकरापर्यंत चालले. शेवटी दोन्ही बाजूंनी आम्हाला पंच नेमले. पंचांनी निकाल द्यायचा असतो. तो आज देणार आहोत.

आधी जोड नीट ओळखून घेऊ. गणपतराव आंदळकर सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे. जन्म १९३५. कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत घडले. १९६० साली हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सर्वांत वरच्या वजनगटात त्यांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य अशी दोन पदके आणली. १९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिकला गेले, त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळाला. सप्टेंबर २०१८ मध्ये ते गेले.

विजय चौधरी जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्याचे. २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वेळा त्यांनी महाराष्ट्र केसरीची गदा उचलली. सलग तीनदा गदा त्यांच्याआधी एकट्या नरसिंग यादव यांनी मिळवली होती. चौधरींच्या तीनपैकी एक गदा नागपूरला झालेल्या स्पर्धेतली आहे. पुढे ते पोलीस दलात अधिकारी झाले आणि २०२३ मध्ये कॅनडातील विनिपेग येथे जागतिक पोलीस व फायर क्रीडास्पर्धेत १२५ किलो गटाचे सुवर्ण त्यांनी मिळवले.

दोघेही वजनदार, दोघेही आपापल्या काळात अव्वल. मध्ये अर्धशतक उभे आहे. ते काढून टाकायचे आणि दोघांना भर उमेदीत समोरासमोर उभे करायचे, एवढीच मागणी आहे.

अशी मागणी करणारे आपणच पहिले नाही. अमेरिकेत हा प्रयोग मुष्टियुद्धात प्रत्यक्ष करून झाला आहे. मरे वोरोनर नावाच्या मियामीच्या रेडिओ निर्मात्याने १९६७ मध्ये जुन्या-नव्या हेवीवेट विजेत्यांची माहिती संगणकात भरली आणि त्यातून निघालेल्या लढती रेडिओवर ऐकवल्या. त्यात संगणकाने मुहम्मद अलीला फार जुन्या काळच्या जिम जेफ्रीजकडून हरवले. अली इतका चिडला की त्याने कोर्टात दावा लावला! अखेर तडजोड झाली आणि अली दुसऱ्या एका काल्पनिक लढतीत प्रत्यक्ष उतरायला तयार झाला. समोर रॉकी मार्सियानो. मार्सियानो ४९ लढतींत एकदाही न हरता १९५६ मध्ये निवृत्त झालेला. अलीला त्या वेळी व्हिएतनाम युद्धात जायला नकार दिल्यामुळे रिंगणात उतरायला बंदी होती. १९६९ साली मियामीत पंचेचाळीस वर्षांचा मार्सियानो वजन उतरवून, डोक्यावर केसांचा टोप चढवून सत्तावीस वर्षांच्या अलीसमोर उभा राहिला. दोघांनी कॅमेऱ्यासमोर मिनिटा-मिनिटाच्या कितीतरी फेऱ्या खेळून दाखवल्या. शेवटही वेगवेगळे चित्रित झाले. त्यांतला कुठला लागणार हे दोघांनाही माहीत नव्हते. चित्रपट लागण्याआधीच, ऑगस्ट १९६९ मध्ये, मार्सियानो विमान अपघातात गेला. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी चित्रपटगृहांत पाहिले की तेराव्या फेरीत मार्सियानोने अलीला लोळवले. अमेरिकेबाहेर मात्र काही ठिकाणी अली जिंकतो असा शेवट दाखवला गेला.

म्हणजे निकाल प्रेक्षक पाहून बदलला. आमच्या वादातही तेच झाले. ज्येष्ठांच्या खुर्च्यांकडून आंदळकर जिंकत होते, मुलांच्या खुर्च्यांकडून चौधरी. दोन्ही बाजूंना आनंद होईल असे दोन शेवट आम्हीही करू शकलो असतो. पण पंचांना तसे करता येत नाही. म्हणून आधी मैदान तपासू.

बालाघाटच्या माणसाला मैदानाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत जबलपूरला जाणारी छोटी लाइन आपण पाहिली आहे. आपल्यापैकी कितीतरी जण तिच्याच डब्यातून लग्नाला गेले, नोकरीवर रुजू झाले, माहेरी आले. तिच्या रुळांमधले अंतर अडीच फूट. आता तिथे साडेपाच फुटांची मोठी लाइन झाली. समजा कोणी म्हटले की छोट्या लाइनचे वाफेचे इंजिन आणि आजचे विजेचे इंजिन यांची शर्यत लावा, तर पहिला प्रश्न वेगाचा येत नाही. पहिला प्रश्न येतो, रूळ कोणते टाकायचे? अडीच फुटांचे टाकले तर आजचे इंजिन उभेच राहणार नाही. साडेपाच फुटांचे टाकले तर जुन्याची चाके आतल्या आत खाली उतरतील. रूळ ठरवले की शर्यत ठरली.

कुस्तीतही तसेच आहे. माती घ्यायची की गादी? माती म्हणजे नुसती जमीन नव्हे. हौद्यातल्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवतात, रोज ती उकरतात. तिच्यात पाय रुततो. पट काढायला झेपावलेला मल्ल तिथे गादीपेक्षा कणभर उशिरा पोचतो आणि समोरच्याला तेवढा कणभर वेळ मिळतो. गादीवर पाय सरकतो, फिरतो, वेग सगळे काही असतो. हा फरक किती मोठा आहे ते खाशाबा जाधवांना विचारावे लागले असते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा गादीची सवय नव्हती. तरी फ्लायवेट गटात सहावे आले. मग त्यांनी गादीवरची कुस्ती समजून घेतली, वरच्या वजनगटात गेले, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गोळेश्वरचा तोच माणूस, अंगात तेच रक्त. मध्ये चार वर्षे गेली आणि पायाखालचे मैदान ओळखीचे झाले.

इथे दोन्ही बाजूंचा एक-एक मुद्दा आम्हाला खोडावा लागतो. मुलांचे म्हणणे होते की जुने मल्ल मातीतले, त्यांना गादीवर काय जमणार? आंदळकरांची जकार्तातली दोन्ही पदके गादीवरची आहेत. ज्येष्ठांचे म्हणणे होते की आजच्या पोरांनी माती पाहिली कुठे? महाराष्ट्र केसरीत गादी आणि माती असे दोन विभाग असतात, दोन्हींकडचे विजेते शेवटी एकमेकांना भिडतात. यात्रा-जत्रांची मैदाने तर आजही मातीवरच होतात. थोडक्यात, दोघांनाही दोन्ही जमिनी ठाऊक आहेत. फरक सवयीचा आहे.

दुसरा प्रश्न घड्याळाचा. जुन्या मैदानात कुस्ती निकाली. दोन्ही खांदे मातीला लागेपर्यंत निकाल नाही. खाली गेलेला मल्ल हरत नाही. पोटावर पडून तासभर तग धरू शकतो. आज गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. समोरच्याला खाली आणले की दोन गुण, वर्तुळाबाहेर ढकलले की एक. दहा गुणांची आघाडी झाली की खांदे टेकण्याची वाटही पाहत नाहीत, लढत संपते. एका कुस्तीत धीर लागतो, दुसरीत हिशेब.

घड्याळ आणि मैदान बदलले की काय होते याचा दाखला आपल्या मध्य प्रदेशाशी जोडलेल्या माणसाचाच आहे. गामा पहिलवान दतिया संस्थानच्या आश्रयाने वाढले. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनला त्यांची पोलंडच्या झ्बिश्कोशी लढत झाली. झ्बिश्को सुरुवातीलाच खाली गेला आणि अडीच तासांवर पोटाला गादी धरून पडून राहिला. गामांना तो उलथेना. कुस्ती बरोबरीत सोडवली. पुढच्या आठवड्यात झ्बिश्को आलाच नाही आणि पट्टा गामांना मिळाला. नंतर जानेवारी १९२८ मध्ये हीच जोड पतियाळात लागली. दोघेही पन्नाशीच्या आसपास. गामांनी मिनिटाच्या आत झ्बिश्कोला चीत केले. माणसे तीच दोन. अठरा वर्षांनी निकाल अडीच तासांवरून एका मिनिटाच्या आत आला. एकाच जोडीचे असे होते, तर ज्यांची कधी गाठच पडली नाही त्यांच्याबद्दल छातीठोकपणे बोलायचे कसे?

तिसरा प्रश्न पोटाचा. जुन्या मल्लांना संस्थानिकांचा आश्रय असे. कोल्हापूरचे खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधले. १९१२ मध्ये तिथली पहिली मोठी कुस्ती गामांचे भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्यात झाली. पण आंदळकर उमेदीत आले तोवर संस्थाने विलीन झाली होती. कुस्तीला धरून ठेवण्यासाठी मामासाहेब मोहोळांसारख्यांनी १९५३ मध्ये राज्य कुस्तीगीर परिषद उभी केली, १९६१ पासून महाराष्ट्र केसरी सुरू झाली. त्या काळचा मल्ल दूध, तूप, बदाम, थंडाईवर आणि हजारांनी मोजलेल्या जोर-बैठकांवर तयार झाला. आजच्या मल्लाला प्रशिक्षक आहे, दुखापतीसाठी डॉक्टर आहे, समोरच्याच्या मागच्या दहा लढती फोनवर पाहता येतात, आणि चांगला खेळला तर सरकारी नोकरीची वाट असते. आंदळकरांना हे सगळे द्यायचे की नाही? दिले तर ते १९६२ चे आंदळकर राहत नाहीत. नाही दिले तर जोड बरोबरीची होत नाही.

एवढे सगळे तपासल्यावर आता दोन कुस्त्या लावू. डोळ्यांसमोर आणा.

पहिली खासबागेत. हलगी कडाडते आहे. वेळेचे बंधन नाही. दोघे सलामी देतात, एकमेकांच्या खांद्याला माती लावतात. पहिली दहा मिनिटे नुसती खडाखडी. मानेवर हात, मनगटाला मनगट, कोण किती रेटतो याचा अंदाज. चौधरी सहा मिनिटांच्या लढतीत वाढलेले, त्यांना थांबवत नाही. ते झेपावून पट धरतात, आंदळकर खाली जातात. मांडवातली मुले टाळ्या वाजवतात. पण इथे त्याला गुण नाही. आंदळकर पोटावर पडून श्वास जमवतात. अर्ध्या तासाने चौधरींची पकड थोडी ढिली होते, आंदळकर उसळून वर येतात आणि आता वरची बाजू त्यांची. पुढे पाऊण तास चौधरी दाद देत नाहीत. शेवटी सवारी भरून घातलेल्या घिश्शावर पाठ मातीला लागते. निकाल आंदळकर. काकाजी, फेटा उडवायला हरकत नाही.

दुसरी नागपूरला, गादीवर. एक लाल पोशाखात, एक निळ्या. शिट्टी वाजते. विसाव्या सेकंदाला चौधरींचा एकेरी पट, दोन गुण. मग रेटून वर्तुळाबाहेर, आणखी एक. पहिली फेरी तीन-शून्य. दुसऱ्या फेरीत आंदळकरांना अंदाज येतो. समोरून कंबर धरून ते चौधरींना खाली आणतात, दोन गुण. मांडवातले ज्येष्ठ उभे राहतात. आता चौधरी सावध आहेत, कडेने फिरतात, संधी साधून आणखी दोन गुण घेतात. शेवटच्या अर्ध्या मिनिटात आंदळकर असे काही रेटतात की आणखी पाच मिनिटे मिळाली असती तर काय झाले असते कोण जाणे. पण घड्याळ संपते. पाच-दोन. निकाल चौधरी. मुलांनो, शिट्ट्या वाजवा.

एक-एक अशी बरोबरी झाली. तिसरी कुठे लावायची? जो जागा सांगेल तो निकाल सांगेल. म्हणून आम्हा पंचांचा पहिला निकाल असा : ही कुस्ती लावता येते, निकाली करता येत नाही. दोघांची उंची त्यांच्यासमोर त्यांच्या काळाने जे मल्ल उभे केले त्यांच्यावरूनच मोजायची, आणि त्या मापाने दोघेही पुरे आहेत.

वाद चालू असताना मुलींच्या बाजूने एक प्रश्न आला होता, तो आम्ही मुद्दाम टिपून ठेवला. "काका, आमची जोड का नाही लावत?" खरेच आहे. २०२३ मध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती गदा जिंकली. तिच्यासमोर जुन्या काळातले कोणाला उभे करणार? हमीदा बानूला करता येईल. १९५४ मध्ये बडोद्याला बाबा पहिलवान नावाच्या पुरुष मल्लाला तिने दीड मिनिटाच्या आसपास चीत केले होते. पण अशा बाईचे नाव आपल्या गप्पांत कधी येत नाही, कारण तिच्यासाठी ना केसरी होती ना गदा. जुना काळ मोठा होता म्हणताना त्या काळी हौद्याच्या काठापर्यंतही कोणाला येऊ दिले जात नव्हते, हेही त्याच वहीत लिहायला हवे.

आता आमचा दुसरा निकाल. तो सांगण्यासाठीच आज उभे राहिलो आहोत.

दोन काळांचे मल्ल एकमेकांना भिडत नाहीत, असे आपण रात्रभर धरून चाललो. ते खरे नाही. ते रोज पहाटे भिडतात. तालमीत. वस्ताद काठावर उभा असतो आणि पठ्ठे जोर करत असतात. मोठा पहिलवान लहानाबरोबर मातीत उतरतो तेव्हा त्याला हरवायला उतरत नाही. ताकद तोलून लावतो. मुद्दाम खाली जातो, डाव घालू देतो, पोराचा पाय चुकीच्या जागी पडला की उलटवून दाखवतो, पुन्हा उभा करतो. पोराची छाती भरून येईल इतके त्याला जिंकू देतो आणि डोक्यात हवा जाणार नाही इतके पाडतो. या कुस्तीला हलगी नसते, तिची कुठे नोंद होत नाही.

गणपतराव आंदळकरांचे हेच काम फार मोठे आहे. कुस्ती थांबल्यावर ते मोतीबागेत वस्ताद म्हणून उभे राहिले. त्यांच्या हाताखाली दादू चौगुले तयार झाले. १९७० आणि १९७१ असे दोनदा महाराष्ट्र केसरी, १९७४ च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक. पुढे दादूंचा मुलगा विनोद हाही महाराष्ट्र केसरी झाला. आंदळकरांची पुढच्या पिढीशी गाठ पडली ती अशी. आणि त्या लढतीत पठ्ठ्याने गदा उचलली की वस्तादाची जीत होते.

हे आपल्याशी कुठे जोडले जाते ते सांगतो. कुस्तीवरून झालेला त्या रात्रीचा वाद खरे तर कुस्तीचा नव्हता. हळूहळू तो कुठे सरकला ते आपण ऐकले. आमच्या वेळी गणेशोत्सवात तीन अंकी नाटक व्हायचे, आता रेकॉर्डवर नाच. आमच्या वेळी मोडीतली पत्रे वाचता यायची, आता देवनागरीतले मराठी वाचतानाही अडखळतात. मुलांनी उत्तर दिले : तुम्ही तरी कुठे शुद्ध बोलता, निम्मे शब्द हिंदीच असतात.

दोघांचेही खरे आहे. आपण वैनगंगेकाठचे लोक. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी माणूस इथे आहे. १८६७ मध्ये जिल्हा झाला तेव्हा भंडारा, मंडला, शिवनीचे तुकडे जोडून झाला. १९५६ मध्ये विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो, आणि काल ज्यांची राजधानी नागपूर होती त्यांची भोपाळ झाली. हे एकट्या आपल्याच वाट्याला आलेले नाही. १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचे. त्यांचे गावही त्याच १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेले. ते कोल्हापूरच्या तालमीत शिकले आणि दिल्लीत जिंकले. त्यांच्या गदेवर कोणी सीमा आखली नाही.

मग आपल्या मुलांच्या मराठीला आपण कुठल्या मैदानात तोलतो? जी शाळेत हिंदी आणि इंग्रजी शिकतात, बाजारात हिंदी बोलतात, घरात आजीशी मराठी, त्यांना आपण पुण्याच्या गादीवर उभे करतो आणि गुण मोजतो. गेल्या वर्षी याच मांडवात एका मुलीने शिवरायांवर भाषण केले. सात मिनिटे, कागद न पाहता. दोन ठिकाणी लिंग चुकले, एक-दोन हिंदी शब्द आले. मागच्या रांगांतून हसू उमटले. यंदाच्या स्पर्धेच्या यादीत तिचे नाव नाही. आम्ही तिच्या घरी विचारायला गेलो तेव्हा तिची आई म्हणाली, "अभ्यास आहे." आम्ही पुढे काही विचारले नाही.

एका कुटुंबाचे एक मूल मांडवात यायचे थांबले की पुढच्या पाच वर्षांत ते कुटुंब वर्गणीपुरते उरते. आपल्यातली किती घरे अशी वर्गणीपुरती उरली आहेत ते खजिनदारांच्या वहीत दिसते. ज्येष्ठ म्हणतात पोरे येत नाहीत. ती हौद्याच्या काठापर्यंत येतात आणि काठावर नुसती तुलना ऐकून परत जातात. त्यांच्याबरोबर आत उतरून जोर करायला कोणी नसतो.

दुसरी बाजूही सांगतो. मुलांनो, काकाजींच्या नाटकाची गोष्ट ऐकताना तुम्ही फोनवर दुसरे काही पाहत असता. त्या माणसाने या गावात पेट्रोमॅक्सच्या उजेडात तीन तासांचा प्रयोग उभा केला आहे. त्याच्याकडे असे डाव आहेत जे कुठल्याही व्हिडिओत नाहीत. ते मागायला त्याच्या पायाशी बसावे लागते.

म्हणून पंच म्हणून आम्ही एक गोष्ट मागतो. कार्यकारिणीशी बोलणे झाले आहे. पुढच्या गणेशोत्सवात एक पूर्ण नाटक करायचे. दिग्दर्शन ज्येष्ठांचे, काम मुलांचे. हिशेब, पडदा आणि चहा आमच्याकडे. कोजागिरीनंतर दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता याच ठिकाणी जमायचे. संवादात शब्द चुकला तर तिथेच थांबवायचे, बरोबर म्हणून दाखवायचे, पुन्हा म्हणायला लावायचे. हसायचे नाही. आपल्या भाषेत नाटकाच्या सरावालाही तालीम म्हणतात. त्यामुळे नियमही तालमीचेच राहतील. मागच्या वर्षी भाषण केलेल्या त्या मुलीला आम्ही पहिल्या रविवारी स्वतः आणायला जाणार आहोत. तिच्या जोडीला कोणते काकाजी बसणार, ते आज इथेच हात वर करून सांगावे.

आंदळकर आणि चौधरी यांच्या कुस्तीचा वाद पुढच्या वर्षीही होईल, व्हायलाच हवा. आरतीनंतरच्या गप्पांना त्याच्यासारखा विषय नाही. पण तो रविवारची तालीम आटोपल्यावर करावा, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!